पहिला विंगसूट मोठाच घ्यावा का?

‘घ्यायचाच तर मोठा विंगसूट घे, कापड जास्त, म्हणजे तरंगणं सोपं, आणि पुढे बदलायला नको.’ विंगसूट म्हणजे विमानातून उडी मारून हवेत तरंगायचा, हातापायांमध्ये कापडाचे पंख असलेला पोशाख. नव्या उडणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

मोठ्या पंखात हवा भरली की तो ताठ होतो आणि हातापायांच्या बारीकशा हालचालीलाही जोरात प्रतिसाद देतो. सरावलेल्याला हेच हवं असतं. नवख्याचा मात्र एक खांदा जरा खाली गेला, तरी सूट गरगर फिरू लागतो, आणि मोठ्या पंखाची गिरकी थांबवणं जास्त अवघड.

खरी परीक्षा पॅराशूट उघडताना होते. पायलट चूटची, म्हणजे मुख्य पॅराशूट बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटची, मूठ पाठीमागे, पॅराशूटच्या पिशवीच्या तळाशी असते. तिथे हात न्यायचा तर हवेने फुगलेला पंख दाबत न्यावा लागतो. लहान सूटमध्ये हात सहज पोचतो. मोठ्यात कापडाशी झटापट होते. एकच हात मागे गेला की शरीर तिरकं होतं आणि उघडणाऱ्या पॅराशूटच्या दोऱ्यांना पीळ बसतो. म्हणून दोन्ही हात एकदम मागे न्यायला शिकवतात.

अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या, यूएसपीएच्या, नियमानुसार पहिल्या विंगसूट उडीआधी किमान 200 पॅराशूट उड्या लागतात. पण तेवढ्या झाल्या म्हणजे कुठलाही सूट चालेल, असं नाही. सुरुवातीला लहान पंखांचा, अंगाला नीट बसणारा सूटच घ्या, शक्यतो प्रशिक्षकाकडून भाड्याने. मोठ्या सूटचं त्यांनाच ठरवू द्या, तुमच्या उड्या पाहून.