ईबी-१सी ग्रीन कार्ड: मॅनेजर म्हणून अमेरिकेत ट्रान्सफर झालेल्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रोसेस

हिंजवडी, मगरपट्टा, चाकण इथून एल-१ए वर (कंपनी मॅनेजर म्हणून अमेरिकेतल्या ऑफिसला पाठवते तो व्हिसा) अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, मी एल-१ए वर आहे म्हणजे ईबी-१सी होणारच ना? नाही, आपोआप होत नाही, आणि हे मी ठासून सांगतेय कारण मी २०१७ ला आले तेव्हापासून तीन वर्षं याच समजुतीवर निवांत बसले होते.

आधी थोडक्यात. ईबी-१सी हे मल्टिनॅशनल कंपनीच्या मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह लोकांसाठीचं ग्रीन कार्ड, नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांच्या पहिल्या कॅटेगरीतलं. यात पर्म लागत नाही, म्हणजे जाहिरात देऊन अमेरिकन माणूस मिळतो का ते बघायची भानगड नाही, हा मोठा फायदा. पण अर्ज तुम्ही स्वतः करू शकत नाही, आय-१४० फॉर्म, म्हणजे ग्रीन कार्डाचा मूळ अर्ज, अमेरिकेतली कंपनीच भरते, त्यामुळे कंपनीची तयारी नसेल तर तुम्ही कितीही पात्र असा, काही होत नाही.

आता अटी. अमेरिकेतली कंपनी आणि भारतातली कंपनी एकाच घरातल्या पाहिजेत, मूळ कंपनी, तिची उपकंपनी, शाखा किंवा दोघींचा मालक एकच. अमेरिकेतली कंपनी कमीत कमी एक वर्ष प्रत्यक्ष धंदा करत असलेली पाहिजे, नुसती नोंदणी आणि भाड्याचं ऑफिस चालत नाही. आणि तुम्ही भारतात, किंवा अमेरिकेबाहेर कुठेही, त्याच ग्रुपमध्ये मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह म्हणून कमीत कमी एक वर्ष काम केलेलं पाहिजे, तेही अमेरिकेत कामावर यायच्या आधीच्या तीन वर्षांत. तुम्ही इथे त्याच ग्रुपमध्ये टिकून असाल तर ती तीन वर्षं अमेरिकेत आलात त्या तारखेपासून मागे मोजतात, त्यामुळे इथे पाच वर्षं झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण मध्येच एच-१बी घेऊन दुसऱ्या कंपनीत गेलात, दोन वर्षांहून जास्त तिथे काढली आणि मग जुन्या कंपनीत परत आलात, तर ते भारतातलं वर्ष हातचं गेलं, आता पुन्हा बाहेर जाऊन एक वर्ष काढल्याशिवाय ईबी-१सी नाही. पगार थोडा जास्त मिळतोय म्हणून उडी मारायच्या आधी हे डोक्यात ठेवा.

सगळ्यात जास्त लोक कुठे अडकतात ते आता नीट वाचा. एल-१ए साठी भारतातलं ते एक वर्ष स्पेशलाइज्ड नॉलेजच्या, म्हणजे कंपनीच्या खास तांत्रिक ज्ञानाच्या, कामाचं असलं तरी चालतं, इथे येऊन मॅनेजरची पोस्ट असली की झालं. ईबी-१सी ला तसं चालत नाही, तिथे भारतातलं वर्षसुद्धा मॅनेजरचंच लागतं. म्हणजे पुण्यात तुम्ही आर्किटेक्ट होतात, उत्तम काम केलंत, कंपनीने मॅनेजर करून इकडे पाठवलं, एल-१ए मिळाला, आणि चार वर्षांनी कळतं की ईबी-१सी ची पहिलीच अट बसत नाही. उलटही होतं बरं का, एखादा एल-१बी (स्पेशलाइज्ड नॉलेजवाल्यांचा ट्रान्सफर व्हिसा) किंवा एच-१बी वर आलेला असतो, त्याला वाटतं ईबी-१सी आपल्यासाठी नाहीच, पण तो त्याच कंपनीत भारतात वर्षभर खरोखर मॅनेजर होता आणि इथेही आता मॅनेजरची जागा मिळतेय, तर तो बसतो. व्हिसावर काय छापलंय याच्यापेक्षा दोन्हीकडे काम काय होतं हे बघतात.

मॅनेजर कोणाला म्हणायचं हेही पदावरून ठरत नाही. डिपार्टमेंट किंवा एखादं महत्त्वाचं फंक्शन तुम्ही सांभाळता का, तुमच्या हाताखाली दुसरे मॅनेजर, सुपरवायझर किंवा डिग्री लागणारं काम करणारे लोक आहेत का, कोणाला घ्यायचं काढायचं यात तुमचं म्हणणं चालतं का, रोजच्या कामाचे निर्णय तुमचे असतात का, हे तपासतात. आणि हे तुमचं मुख्य काम पाहिजे, अर्धा दिवस स्वतः कोडिंग करत असाल तर केस कमजोर होते. हाताखाली माणसं नसली तरी फंक्शन मॅनेजर म्हणून केस करता येते, पण मग ते फंक्शन कंपनीसाठी किती मोठं आहे आणि त्यातलं हाताने करायचं काम कोण करतं हे दाखवावं लागतं, त्यात भारतातल्या टीमचा आधार दाखवता येतो.

माझं काय झालं ते सांगते. मी ब्लँकेट एल वर (मोठ्या कंपनीला एकदाच मिळालेल्या एकत्रित मंजुरीवर) आले होते, म्हणजे कॉन्सुलेटमध्ये काही मिनिटांचा इंटरव्ह्यू आणि पातळ फाइल, त्यामुळे यूएससीआयएस ने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, माझं काम पहिल्यांदा बारकाईने बघितलं ते थेट आय-१४० ला. २०२० च्या ऑगस्टमध्ये केस फाइल झाली आणि काही महिन्यांनी आरएफई, म्हणजे जास्त पुरावे मागणारी नोटीस, आली, भारतातल्या वर्षाचे पुरावे द्या. आमच्या कंपनीने जोडलेल्या पत्रात लिहिलं होतं, टीम मॅनेज करते, क्लायंटशी समन्वय ठेवते, प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करते. हे वाक्य कोणाच्याही नावाने चालेल! जुना ऑर्ग चार्ट एचआरकडे नव्हता, माझा पुण्याचा लॅपटॉप मी निघतानाच जमा केला होता, आणि तेव्हाचे माझ्या हाताखालचे सहा टीम लीड वेगवेगळ्या कंपन्यांत पांगले होते. उत्तराला साधारण बारा आठवडे मिळतात, त्यातले पाच नुसते माणसं शोधण्यात गेले.

शेवटी जे चाललं ते हे. एक ऑर्ग चार्ट, ज्यात माझ्या चौकटीखाली सहाही लीडची नावं, त्यांची पदं, त्यांच्या डिग्र्या आणि प्रत्येकाखाली किती माणसं. मी भरलेले त्यांचे अप्रेझल फॉर्म. मी मंजूर केलेलं बजेट. भरतीच्या शेवटच्या राउंडला मी दिलेले होकार-नकार. आणि कामाचं नवीन पत्र, ज्यात आठवड्यातला किती टक्के वेळ कशात जायचा हे लिहिलं, म्हणजे लीडबरोबर रिव्ह्यू इतके टक्के, माणसं कुठल्या प्रोजेक्टवर टाकायची ते इतके टक्के, असं. त्यावर अप्रूव्ह झालं. म्हणून जे अजून भारतात आहेत त्यांना कळकळीने सांगते, विमानात बसायच्या आधी एचआर आणि मॅनेजरला सांगून, कंपनीच्या परवानगीने, हे सगळं गोळा करा, सोबत अपॉइंटमेंट आणि प्रमोशन लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक.

कंपनीकडून काय लागतं? दोन्ही कंपन्यांच्या मालकीचे कागद, धंदा चालू असल्याचे पुरावे, आणि तुमचा ठरलेला पगार द्यायची ऐपत, म्हणजे वार्षिक अहवाल, टॅक्स रिटर्न किंवा ऑडिट झालेले हिशोब, शंभर किंवा जास्त लोकांची कंपनी असेल तर फायनान्स ऑफिसरचं पत्रही मान्य होऊ शकतं. मोठ्या आयटी कंपनीत हे तयार असतं. पण कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने किंवा चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्याने अमेरिकेत ऑफिस टाकलं असेल तर इथे जास्त मेहनत आहे. एक तर नवीन ऑफिसचा एल-१ए पहिल्यांदा एकाच वर्षाचा मिळतो, आणि दुसरं, भारतातला धंदा चालूच राहिला पाहिजे, सगळं आवरून इकडे आलात आणि अमेरिकेबाहेर ग्रुपची दुसरी कुठली कंपनी उरली नाही, तर मल्टिनॅशनल हा शब्दच लागू होत नाही. जीएसटी रिटर्न, पीएफची चलनं, एक्स्पोर्टची बिलं जपून ठेवा.

फी म्हणाल तर एप्रिल २०२४ पासून आय-१४० ची ७१५ डॉलर आणि वर असायलम प्रोग्रॅम फी ६०० डॉलर, कंपनीत २५ किंवा कमी लोक असतील तर ३००. फॉर्म भरायच्या दिवशी यूएससीआयएस च्या साइटवर बघूनच फी भरा, चुकीच्या रकमेची फाइल परत येते. जानेवारी २०२३ च्या शेवटापासून ईबी-१सी ला प्रीमियमही आहे, वेगळी फी भरली की ४५ कामकाजाच्या दिवसांत अप्रूव्हल, आरएफई किंवा नकार, काहीतरी कळतं. माझ्या वेळी ही सोय नव्हती.

आय-१४० अप्रूव्ह म्हणजे ग्रीन कार्ड हातात असं नाही, पुढे प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख. पर्म नसल्यामुळे आय-१४० दाखल झाली तीच तुमची तारीख. आमच्या नशिबाने २०२१ मध्ये भारतासाठी ईबी-१ करंट होतं, म्हणजे रांगच नव्हती, म्हणून लगेच आय-४८५ (अमेरिकेत राहून ग्रीन कार्डासाठी भरायचा शेवटचा अर्ज) भरता आला. नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रांगेची कट-ऑफ तारीख (प्रायॉरिटी डेट तिच्या आधीची असेल तरच पुढे जाता येतं) एकदम जानेवारी २०१२ वर मागे गेली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ती फेब्रुवारी २०२२ वर होती. या तारखा ज्यात येतात तो दर महिन्याचा व्हिसा बुलेटिन बघत राहा. तुमची आधीच्या कंपनीतून ईबी-२ किंवा ईबी-३ ची (नोकरीवरच्या ग्रीन कार्डांची दुसरी आणि तिसरी कॅटेगरी) आय-१४० अप्रूव्ह झालेली असेल, तर ती जुनी तारीख ईबी-१सी ला लावता येते, आणि २०१४-१५ ची तारीख असलेल्यांची यात कित्येक वर्षं वाचतात. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर त्या देशाची रांग धरता येते, हेही वकिलाला आठवणीने सांगा.

एल-१ए ची कमाल मुदत सात वर्षं. एच-१बी ला आय-१४० वर पुढे एक्स्टेन्शन मिळतं तसं इथे मिळत नाही, म्हणून पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात करू नका, आल्यावर पहिल्या वर्षातच कंपनीशी बोला. घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर दुप्पट घाई करा, कारण २१ झालं की ते तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकतं.

आय-४८५ ला मेडिकल लागतं, आणि डिसेंबर २०२४ पासून ते अर्जासोबतच जोडावं लागतं. भारतात राहून करणार असाल तर मुंबईला बीकेसीमध्ये इंटरव्ह्यू, त्याला पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट. आणि दोन्हीकडे जन्मदाखला! माझा साताऱ्याकडच्या गावचा. भावाने ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला, शाईने आईवडिलांची नावं नीट लिहिलेली, आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी, पुढे फक्त "स्त्री". आपल्याकडे हे सर्रास असतं. तो दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि आई आणि मामा यांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं, असं एकत्र दिलं आणि ते मान्य झालं. नोंदच सापडली नाही तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून नोंद नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. बायकांनी माहेरचं नाव, सासरचं नाव आणि मधलं नाव सगळ्या कागदांवर कुठे काय आहे याचा एक तक्ता करून वकिलाला द्या, माझी चार कागदांवर तीन वेगळी नावं निघाली होती.