बांबू: कायद्याने झाड ठरवलेल्या गवताची पार्श्वभूमी

२०१६च्या जानेवारीत गोवा सरकारने वृक्षसंरक्षण कायदा बदलून माडाला ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळले. गावोगाव लोक चिडले. चिडणारच, कारण त्यानंतर माड तोडायला परवानगीची गरज उरणार नव्हती. ‘गोव्यात माड गवत ठरला’ अशी चर्चा देशभर झाली आणि २०१७ मध्ये माडाचे संरक्षण परत आले. पण माड गवत नव्हेच. तो सुपारी-ताडाच्या कुळातला. खरे गवत आपल्या परसात, कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला उभे होते आणि देशाचा वनकायदा त्याला तेव्हाही झाडच म्हणत होता. ते गवत म्हणजे बांबू, आपला कोंडो.

बांबू हा भात, नाचणी, ऊस यांच्याच कुळातला. त्याचे गवतपण वाढीत दिसते. झाडाचा बुंधा वर्षागणिक जाड होतो, बांबूचा होत नाही. कोंब जमिनीतून वर येतो तो शेवटी जेवढा जाड असायचा तेवढाच, आणि त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढची दोन-तीन वर्षे तो फक्त आतून पक्का होत राहतो. म्हणून जाणता माणूस कोवळा बांबू सोडून तीन-चार वर्षांचा निवडतो, तोही पाऊस संपल्यावर. ओल्या, पिठूळ बांबूला कीड लवकर लागते.

गोवा आणि कोकणच्या घराभोवती जो जास्त दिसतो तो माणगा: बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, आठ-दहा मीटरांचा. शास्त्रज्ञ विल्यम मन्रो याने १८६८ मध्ये या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिच्या नावातला ‘स्टॉक्सी’ हा शब्द जॉन स्टॉक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाची आठवण आहे. काटेरी कळक काही दशकांनी एकदाच फुलतो, बी टाकतो आणि अख्खे बेट वाळून जाते. माणग्याला बी क्वचितच धरते. तो कंद किंवा कांडी लावून वाढवतात. त्यामुळे परसातले माणग्याचे बेट बहुधा कुणीतरी आपल्या हाताने लावलेले असते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बांबूबद्दल गोव्यातच छापलेली एक जुनी नोंद आहे. वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधींवरचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये इथे छापला गेला. बांबूच्या पेरांत साठणाऱ्या वंशलोचनावर त्यात एक स्वतंत्र संवाद आहे आणि त्याला लोक ‘साकर मांबू’, म्हणजे बांबूची साखर, म्हणतात असे तो सांगतो. आपल्या सितोपलादि चूर्णात खडीसाखरेच्या निम्म्याने जाते तेच हे वंशलोचन.

घरातला उपयोग तर सांगून संपत नाही. सूप, रोवळी, परडी, पाटी, भाताची कणगी, खाजनाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधात रोवलेले खांब, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या पट्ट्या, दिवाळीचा आकाशकंदील, नाताळची चांदणी. पावसाळ्यात कोवळ्या कोंबाची, किल्लाची, भाजी. ती चिरून, भिजवून, पाणी बदलून उकडल्याशिवाय करायची नाही, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सुपे-पाट्या विणणारी कुटुंबे बहुतेक महार समाजातली. गावाचे धान्य ज्यांच्या सुपात पाखडले गेले, त्यांना गावाने वेशीपाशीच ठेवले.

आता कायद्याकडे. १९२७च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दात ताड-माड, बांबू, बुंधे, झुडपे आणि वेत एकत्र बांधले. तोडलेला बांबू त्यामुळे इमारती लाकडाच्या नियमांत आला आणि वाहतुकीला पास मागितला जाऊ लागला. मुक्तीनंतर हाच कायदा गोव्यातही आला. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू नाममात्र दराने मिळे, बुरडांना मात्र तो बाजारभावाने घ्यावा लागे. तिथे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास मी पुन्हा पुन्हा आठवतो. तोडीसाठी बेटाच्या बुडाचे काटे साफ केले जात. त्याने वाढ सुधारते, असा समज होता. गावकरी म्हणत, काटेच कोंबांना राखतात. निरीक्षणांतून गावकरीच बरोबर ठरले: काटे गेल्यावर गुरे, साळिंदर, वानर कोंब खाऊन टाकत.

२००६च्या वनाधिकार कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडाखेरीजचे जंगलातले उत्पन्न, मानले. २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये, गोव्यात माड परत ‘झाड’ झाला त्याच वर्षी, वटहुकमाने १९२७च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द गाळला गेला. नव्वद वर्षांनी गवत गवत ठरले.

तरी ही सूट वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरतीच आहे. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडचे बेट शेतमाल, पलीकडचे तसेच बेट वनोपज. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला याचा लाभ होतो. सूप विणणाऱ्या कितीतरी घरांकडे जमीन नाही. त्यांना बांबू अजून कुणाच्या तरी परसातून विकतच घ्यावा लागतो.