ओल्या वाळूचा ब्रास आणि त्यातली हवा

२०२५ मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं, म्हणजे एम-सँडचं धोरण आणलं आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर "दगडाचा भुगा घालून बांधलेल्या बिल्डिंगी पडणार, नदीची वाळूच खरी" असले मेसेज फिरायला लागलेत. घर बांधणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात हे. गंमत म्हणजे हाच माणूस सिमेंट कुठल्या कंपनीचं घ्यायचं यावर महिनाभर चर्चा करतो, गोणीवरची तारीख बघतो, आणि डंपरमधून खाली काय पडतंय तिकडे ढुंकूनही बघत नाही. काँक्रीटच्या आकारमानात ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो, सिमेंट साधारण दहा-पंधरा टक्के, बाकी पाणी आणि थोडी हवा. म्हणजे आपण राहतो ते दगडाच्या घरातच, फक्त ते दगड बारीक करून सिमेंटने चिकटवलेले असतात.

खडी कुठली आणि वाळू कुठली हे चाळणी ठरवते. ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर जे अडकलं ते खडी, जे खाली गेलं ते वाळू (हा ४.७५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो परत भेटणार आहे). स्लॅबला साधारण २० एमएम खडी आणि सोबत १० एमएमची कच किंवा ग्रिट असं मिश्रण लागतं, कारण सगळी खडी एकाच मापाची असली तर मधली भोकं भरायला वाळू-सिमेंट जास्त जातं. मोठी खडी घातली की सिमेंट वाचतं हे खरंय पण ती सळ्यांच्या जाळीतून खाली उतरली पाहिजे ना. धरणात तो प्रश्न नसतो, तिथे १५० एमएमपर्यंतचे धोंडे चालतात, आणि कोयना धरण तर रबल काँक्रीटचं आहे, म्हणजे चक्क मोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून ते उभं केलंय.

दगडाच्या बाबतीत आपण नशीबवान. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींनी अर्ध्याहून जास्त महाराष्ट्रावर बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण ओतून ठेवलाय, आणि खडीसाठी त्याच्याइतका भरवशाचा दगड शोधून सापडणं कठीण. जड (पाण्याच्या २.८ ते २.९ पट), कणखर, पाणी कमी पिणारा. पण खाणीत सगळाच थर तसा नसतो, कुठे दगडात बुडबुड्यांची भोकं असतात, कुठे त्या भोकांत पांढरे झिओलाइटचे खडे भरलेले असतात, कुठे वरचा थर कुजून मुरूम झालेला असतो आणि क्रशरवाल्याने तोही आत ढकलला की झालं. खडी मूठभर घेऊन बघा, चपटी पापडीसारखी जास्त आहे का, हाताला पिठूळ धूळ लागते का. धूळ लागत असेल तर सिमेंट दगडाला न चिकटता धुळीला चिकटतं, आणि साध्या काँक्रीटचा सगळ्यात कमजोर भाग मुळात दगड आणि सिमेंट यांच्यामधली ती दहा ते पन्नास मायक्रॉनची सीमारेषाच असते. कोकणातला जांभा घराच्या भिंतीला झकास पण स्लॅबच्या खडीला नको, सच्छिद्र आहे.

आता नदीची वाळू की क्रश सँड, म्हणजे तीच एम-सँड. नदीच्या वाळूचे दाणे वाहून वाहून गोलसर झालेले असतात त्यामुळे माल हाताला लोण्यासारखा लागतो आणि गवंडी खूश होतो, एवढाच तिचा मोठेपणा. ताकदीत चांगली क्रश सँड कुठेही मागे नाही. मात्र 'चांगली' हा शब्द महत्त्वाचा. व्हीएसआय मशीनमध्ये दगड जोरात फिरवून फेकले जातात, त्यातून कोपरे झडतात आणि दाणा ठोकळ्यासारखा निघतो, मग धुऊन किंवा हवेने जास्तीची पावडर काढतात. ती क्रश सँड. क्रशरखाली जो भुगा उरतो ती डस्ट. स्वस्तात 'क्रश सँड' म्हणून डस्ट गळ्यात मारली जाते आणि मग बदनाम होते बिचारी क्रश सँड. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाची २०१६ ची आवृत्ती ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माल नदीच्या वाळूत ३ टक्के आणि क्रश सँडमध्ये १५ टक्के चालवून घेते, कारण नदीत ते बारीक म्हणजे बहुतेक चिकणमाती असते आणि क्रश सँडमध्ये ती दगडाचीच पूड असते. खाडीची रेती मात्र स्वस्तात मिळाली तरी तशीच घेऊ नका, त्यातलं मीठ सळ्या खातं.

(अमावस्येला स्लॅब टाकायचा नाही हे पाळणारे लोक वाळूतली माती बघत नाहीत. काचेची बरणी, वाळू, मीठ घातलेलं पाणी, हलवायचं आणि दोन-तीन तास ठेवायचं, वर मातीचा थर किती बसला ते दिसतं. मुहूर्ताची दक्षिणा वाचवा म्हणत नाही, नारळही फोडा, पण बरणी पण हलवा. आणि 'नॅनो पावर' लिहिलेल्या बाटलीतलं काहीतरी ओतून घाणेरड्या वाळूचं सोनं होत नाही.)

दगडांचे आणखी पण प्रकार आहेत, घाईत सांगतो. रोमच्या पँथिऑनचा ४३ मीटरचा घुमट जवळपास १९०० वर्षं उभा आहे, त्यात खाली जड दगडाची खडी आणि वरवर जात शेवटी प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका भोकाभोकांचा दगड वापरलाय, सळई एकही नाही. उलट कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिएशनच्या खोलीला किंवा अणुभट्टीला जड काँक्रीट हवं असलं तर बराइट, हेमटाइट असल्या जड खनिजांची खडी घालतात. पाडलेल्या बिल्डिंगीचं काँक्रीट फोडून परत खडी करतात, तिला आयएस ३८३ साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंत (एम-२०, एम-२५ या काँक्रीटच्या ताकदीच्या पायऱ्या) २० टक्के परवानगी देतं.

आता मला जे सांगायचंय ते. वाळू नदीची घ्या की क्रश घ्या, ती ओली असली तर तुमचं माप चुकलं. साइटवर याला बल्केज म्हणतात. कोरडी वाळू १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास, मोजा, तिच्यात वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी शिंपडा आणि उलथापालथ करून परत मोजा, ती सव्वाशे घनफूट भरेल. बारीक वाळू असली तर चाळीस टक्क्यांपर्यंत पण फुगते. आणि मग त्याच वाळूत पाणी ओतत राहा, पूर्ण बुडवा, तर ती खाली बसून परत शंभरवर येते! म्हणजे कोरडी आणि बुडालेली सारख्याच मापाची आणि मधली दमट मोठी. साबुदाणा भिजून फुगतो तसं हे नाही, वाळूचा दाणा एका केसानेही मोठा होत नाही.

मग वाढतं काय? मधली पोकळी. दमट वाळूत प्रत्येक दाण्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि दोन दाणे जिथे टेकतात तिथे त्या पाण्याचा एक छोटा पूल तयार होतो, कमरेत बारीक असलेला. पाण्याच्या पृष्ठताणामुळे तो पूल दोन्ही दाण्यांना एकमेकांकडे खेचून धरतो. चौपाटीवर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच जोरावर. आता दाणे एकमेकांना खेचतायत म्हटल्यावर वाळू आकसायला पाहिजे असं वाटतं, पण होतं उलटं, कारण वाळू दाबून बसायची तर दाण्याला घसरून खालच्या खड्ड्यात पडावं लागतं आणि हा पूल त्याला जिथे पहिल्यांदा टेकला तिथेच धरून ठेवतो. फावड्याने टाकताना जी वेडीवाकडी रचना झाली तीच कायम राहते, आतली भोकं तशीच. पाणी भरपूर झालं की सगळे पूल एकमेकांत मिसळतात, मधली हवा जाते, हवा नाही तर पाण्याला खेचणारा पृष्ठभाग नाही, पकड सुटते आणि दाणे धडाधड खाली बसतात.

आणि हे वाळूतच का होतं, खडीत का नाही? थोडं गणित करू, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा.

दाणे गुळगुळीत गोल मानले तर पुलाचा जोर साधारण २ × पाय × पृष्ठताण × त्रिज्या एवढा येतो, म्हणजे त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो (पुलात पाणी किती आहे याने त्यात फार फरक पडत नाही, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसेना). दाण्याचं वजन मात्र त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या वाळूच्या दाण्याला धरणारा जोर येतो ६८ मायक्रोन्यूटन आणि त्या दाण्याचं वजन ०.३७ मायक्रोन्यूटन, म्हणजे पकड वजनाच्या १८० पट! खरे दाणे खडबडीत असतात म्हणून प्रत्यक्षात हे बरंच कमी भरतं, तरी पकडच जिंकते. आता २० एमएम खडीचा दगड घ्या, पकड वजनाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्याही आसपासच, दगड आपल्या वजनाने ती तोडून खाली बसतो. मग दोघं बरोबरीत कुठे येतात? मांडून बघितलं तर व्यास निघतो ४.१ मिलिमीटर. आणि खडी-वाळूची चाळणी ४.७५ ची! चाळणी ठरवणाऱ्यांनी काही हे गणित करून ती ठरवलेली नाही, योगायोगच आहे, पण मला तो भारी आवडतो.

आता साइटवर या. एम-२० चं साधं माप १:१.५:३, म्हणजे एक गोणी सिमेंटला, जी ३५ लिटरचा एक फर्मा (मोजायचं खोकं) धरतात, दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. हे माप कोरड्या वाळूचं आहे. वाळू दमट असून २५ टक्के फुगलेली असली तर दीड फर्म्यात खरी वाळू जाते १.२ फर्मे. वाळू कमी पडली की खडीमधली भोकं भरत नाहीत, माल खडबडीत होतो, सेंटरिंग काढल्यावर बीमच्या पोटाला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात आणि मिस्त्री म्हणतो व्हायब्रेटर नीट फिरला नाही. ते पण खरं असू शकतं म्हणा.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका गोणीला ८४ किलो वाळू धरली तर पाच टक्क्यांनी तिच्यासोबत ४ लिटर पाणी आलं. काँक्रीटचं मानक आयएस ४५६ साध्या मापाच्या एम-२० ला गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी देतं. वाळूतलं न मोजता वरून ३० ओतलं तर झाले ३४, पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.६० वरून ०.६८, आणि काँक्रीटची ताकद या एका आकड्यावर सगळ्यात जास्त अवलंबून असते हे डफ एब्रम्सने १९१८ मध्येच दाखवून दिलंय. उन्हाळ्यात याच्या बरोबर उलटं होतं, तापलेली कोरडी खडीच पाणी पिते, १६५ किलो खडीने एक टक्का प्यायलं तरी दीड-पावणेदोन लिटर गेलं. म्हणून इंजिनियर लोकांचा हिशोब 'आतून तृप्त पण वरून कोरडा' अशा एका मधल्या दाण्यावर चालतो, त्याच्यापेक्षा जास्त ओलं असेल तेवढं पाणी कमी करा, कमी असेल तेवढं वाढवा. आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवर सगळं वजनाने भरतात आणि वाळूतला ओलावा मोजून पाणी कमी-जास्त करतात, त्यामुळे तिथे फुगण्याचा प्रश्नच येत नाही. गावाकडे घमेल्याने मोजतात तिथे येतो.

आणि खरेदीचं तर विचारूच नका. वाळू ब्रासवर विकतात, म्हणजे आकारमानावर, आणि पावसाळ्यात डंपर दमट वाळू घेऊन आला की शंभर घनफुटांत खरी वाळू ऐंशीच, उरलेली जागा हवेने आणि थोड्या पाण्याने खाल्लेली. यात विकणाऱ्याने फसवलं असं पण म्हणता येत नाही, त्याने फाळका भरून दिलाय.

तपासायला लॅब लागत नाही. सरळ भिंतीचा डबा घ्या, निमुळती बादली नको. ढिगाच्या आतून, वरची वाळलेली सोडून, दमट वाळू घ्या आणि न दाबता डब्यात २० सेंटिमीटरपर्यंत भरा. ती काढून ठेवा, डबा अर्धा पाण्याने भरा, वाळू थोडी थोडी परत त्यात सोडा, काठीने ढवळा आणि बसू द्या. पट्टी लावून उंची बघा. १६ भरली तर २० भागिले १६, म्हणजे सव्वा, २५ टक्के फुगवटा. मग दीड फर्म्याच्या जागी पावणेदोनच्या वर, अगदी नेमकं १.८७ फर्मे वाळू टाकायची, आणि पाणी ३० च्या जागी २६ लिटर. पाऊस पडून गेला, नवीन डंपर आला किंवा दुपारचं ऊन लागून ढीग सुकला की डबा परत भरायचा, कारण सकाळचा आकडा दुपारी चालत नाही.