इलेक्ट्रॉनस्नेही आणि केंद्रकस्नेही : नावं मिळण्याआधीची तीस वर्षं

कॅम्फरक्विनोन हा पिवळा पदार्थ. हायड्रोजन सायनाइडशी त्याची अभिक्रिया झाली की पिवळा रंग उडतो, म्हणजे अभिक्रियेचा वेग चक्क डोळ्यांनी पाहता येतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थ यांनी १९०३ मध्ये नेमकं हेच केलं. मिश्रणात किंचित अल्कली घातलं की रंग झपाट्याने जायचा. आम्ल घातलं की रेंगाळायचा. आम्लात हायड्रोजन सायनाइडचे रेणू अखंड राहतात, अल्कलीत मात्र सायनाइड आयन सुटे होतात. तेव्हा कार्बोनिल गटातल्या, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या, कार्बनवर आधी जाऊन बसतो तो हा ऋणभारित आयन, हायड्रोजन नंतर येतो, असा निष्कर्ष लॅपवर्थ यांनी काढला. आज आपण याला केंद्रकस्नेही समावेशन म्हणतो, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी देणाऱ्या घटकाची भर. त्यांच्याकडे हा शब्द नव्हताच, आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागून जेमतेम सहा वर्षं झाली होती.

एका रेणूतल्या दोन शेजारी अणूंचा स्वभाव वेगवेगळा असतो, हे त्याआधीही जाणवत होतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्ह यांचा नियम १८६९-७० चा. कार्बनच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन क्लोराइडसारख्या हायड्रोजन हॅलाइडची भर पडताना हायड्रोजन कोणत्या कार्बनकडे जाणार, हे तो अचूक सांगतो. का, ते सांगत नाही. ते सांगायला बंध म्हणजे काय हे आधी कळायला हवं होतं. १९१६ मध्ये गिल्बर्ट ल्युइस यांनी सहसंयुज बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, असं मांडलं आणि प्रश्न सोपा झाला : ही जोडी देतो कोण आणि घेतो कोण?

१९२० च्या दशकात रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्या जोडीची वाटचाल वाकड्या बाणांनी दाखवायला सुरुवात केली. लॅपवर्थ यांनी १९२५ मध्ये अभिकारकांची (अभिक्रिया घडवणाऱ्या पदार्थांची) ‘अ‍ॅनियनॉइड’ आणि ‘कॅटियनॉइड’ अशी विभागणी सुचवली, म्हणजे ऋणआयनासारखे आणि धनआयनासारखे. विभागणी चोख होती, नावं मात्र वाचणाऱ्याची नजर विद्युतभाराकडे नेत. अमोनियावर कसलाच भार नाही, तरी त्याच्या नायट्रोजनकडे देण्याजोगी एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेली, इलेक्ट्रॉनची जोडी आहे. उलट अमोनियम आयनावर धनभार असला तरी त्याच्या नायट्रोजनवर नवी जोडी घ्यायला जागाच नाही.

१९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी ‘न्यूक्लिओफिलिक’ (केंद्रकस्नेही, जोडी देणारा) आणि ‘इलेक्ट्रोफिलिक’ (इलेक्ट्रॉनस्नेही, जोडी घेणारा) हे शब्द पुढे आणले. यातला ‘फिल’ ग्रीक, अर्थ प्रेम करणारा. आपला ‘स्नेही’ त्याचंच मराठी रूप. कल्पना फारशी नवी नव्हती, म्हणून हे फक्त नामांतर आहे, ही सल रॉबिन्सन यांच्या मनात कायम राहिली. तक्रारीत तथ्य होतं. पण माझ्या मते नावांचा फरक किरकोळ नव्हता. अभिकारक कशासारखा दिसतो यापेक्षा तो कशाच्या शोधात आहे, हे ती सांगतात. (केंद्रकस्नेही थेट केंद्रकावर जाऊन आदळतो असं मात्र समजू नये; ती फक्त व्युत्पत्ती.)

शिवाय इंगोल्ड नावांवर थांबले नाहीत. त्यांचे सहकारी एडवर्ड ह्यूज यांच्या गटाने १९३५ मध्ये २-आयोडोऑक्टेनवर किरणोत्सारी आयोडाइडचा प्रयोग केला. ध्रुवित प्रकाश वळवणाऱ्या रेणूंतलं साधं आयोडीन जाऊन किरणोत्सारी आयोडीन किती वेगाने येतं ते मोजलं, आणि प्रकाश वळवण्याची क्षमता किती वेगाने घटते तेही. दुसरा वेग पहिल्याच्या दुप्पट निघाला. आलेलं प्रत्येक आयोडाइड मागच्या बाजूने शिरून रेणू उलटा करत असेल, तरच हे जुळतं. कारण उलटलेला एक रेणू न उलटलेल्या एकाचा परिणाम पुसतो, आणि एका अदलाबदलीत दोघांचा हिशेब मिटतो. रसायनशास्त्रज्ञ वाल्डेन यांनी १८९६ मध्ये पाहिलेल्या रेणूंच्या उलटापालटीमागची यंत्रणा अशी हाती लागली.

जोर किती, हा प्रश्न मात्र नावांनी सुटत नव्हता. आयोडाइड हा अगदी दुबळा आम्लारी (आम्लाकडून प्रोटॉन घेणारा), तरी पाण्यात उत्तम केंद्रकस्नेही. स्वेन आणि स्कॉट यांनी १९५३ मध्ये पाण्याला शून्य धरून केंद्रकस्नेहींची मोजपट्टी केली. १९९४ मध्ये हर्बर्ट मायर यांच्या पट्टीत केंद्रकस्नेही आणि इलेक्ट्रॉनस्नेही अशा दोन्ही बाजूंना आकडे मिळाले. तरीही द्रावक बदलला की क्रम हलतो : पाण्यात क्लोराइडच्या पुढे असलेलं आयोडाइड डायमिथिल फॉर्मामाइड या द्रावकात त्याच्या मागे पडतं, कारण तिथे लहान आयनाभोवतीचं हायड्रोजन बंधांचं कडं उरत नाही.