सेंट पीटर रस्त्यावरची जॅझची खोली

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला गेल्यावर जॅझ कुठे ऐकायचा, असं विचारलं की बहुतेक जण प्रिझर्व्हेशन हॉलचं नाव घेतात. हॉल कसला, फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागातली एक जुनाट खोली आहे ती. रंग उडालेल्या भिंती, थोडी लाकडी बाकं, पुढच्यांनी जमिनीवरच बसायचं. बार नाही. वादक इतके जवळ, की ट्रॉम्बोनच्या पुढे सरकणाऱ्या नळीपासून गुडघे सांभाळावे लागतात. प्रवाशांना भुलवायला केलेली ही सजावट नव्हे. या ओकेबोकेपणामागे इतिहास आहे.

याच शहरात, काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात, गुलाम लोक रविवारी जमून ढोल वाजवत, नाचत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या मिरवणुका, अंत्ययात्रा आणि नाचघरांतून जॅझ घडला, आणि लगेच बाहेरही पडला. लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये शिकागोला गेला. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. गोव्याच्या वादकांनी हे संगीत किती आपलंसं केलं, हे आपल्याकडे अजून पुरेसं सांगितलंच गेलेलं नाही.

मागे राहिलेल्यांचं काय झालं? १९५० च्या दशकात लोकांची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि जुन्या वादकांना काम मिळेना. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या जॉर्ज लुईससारख्या कलाकाराने तर त्याआधीही गोदीत हमाली करून पोट भरलेलं.

लॅरी बोरेन्स्टीन या चित्रविक्रेत्याला दुकान सोडून जॅझ ऐकायला जाता येत नसे. मग त्याने वादकांनाच दुकानात बोलावलं. तालीम म्हणून वाजवायचं आणि ऐकणाऱ्यांनी टोपलीत पैसे टाकायचे. १९६१ मध्ये अ‍ॅलन आणि सँड्रा जाफी या तरुण जोडप्याने कारभार हाती घेतला आणि त्याचा प्रिझर्व्हेशन हॉल झाला. अ‍ॅलन स्वतः ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवायचा. वर्णभेद तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत रोजच्या जगण्याचा नियम होता, आणि या खोलीत मात्र काळे-गोरे एकत्र वाजवत, शेजारी बसून ऐकत. मला या जागेचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं.

पियानोवर स्वीट एमा बॅरेट असायची, पायांना घुंगरांसारख्या घंटा बांधून. १९६७ मध्ये पक्षाघाताने तिचा डावा हात गेला. तरी ती उजव्या हाताने वाजवत राहिली. भिंतीवर फर्माइशीच्या दरांची पाटी होती: पारंपरिक गाणं स्वस्त, इतर महाग, आणि ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ सर्वांत महाग. प्रत्येक पाहुणा तेच मागणार, आणि वादकांना तेच पुन्हा पुन्हा वाजवावं लागणार!

२००५ मध्ये कॅटरिना वादळाने वादक विखुरले आणि हॉल बंद पडला. तो २००६ मध्ये पुन्हा उघडला. आज अ‍ॅलनचा मुलगा बेन सूत्रं सांभाळतो आणि बापासारखाच बँडमध्ये ट्यूबाही वाजवतो.