हाउसलीक (सेम्पर्व्हायव्हम टेक्टोरम)

पानफुटीच्या कुळातील (क्रॅसुलेसी) बहुवर्षायू मांसल वनस्पती. मूळ दक्षिण युरोपातील डोंगरांत : पिरेनीज, आल्प्स, अपेनाइन्स, बाल्कन. नाव लिनीअसने १७५३ मध्ये दिले. ‘सेम्पर्व्हायव्हम’ म्हणजे सदा जिवंत आणि ‘टेक्टोरम’ म्हणजे छपरांवरचे. फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या जमीनजुमल्यासाठी इ.स. ८०० च्या सुमारास निघालेल्या फर्मानात माळ्याने हे झाड आपल्या घरावर लावावे, असे सांगितले आहे. ते छपरावर असले की वीज पडत नाही, ही युरोपातील जुनी समजूत.

पाने उमललेल्या गुलाबासारखी चक्राकार, गुच्छ बहुधा ५ ते १० सेंमी. रुंद. पानाचे टोक अणकुचीदार, कडेला बारीक ताठ केस. मोठ्या गुच्छाभोवती आडव्या फुटव्यांवर पिल्ले धरतात. गुच्छ काही वर्षांनी एकदाच फुलतो आणि मरतो. जागा पिल्ले भरून काढतात. बर्फ आणि दुष्काळ दोन्ही तो सोसतो. मुळाशी साचलेले पाणी मात्र सोसत नाही.

रसात काय असते. बुळबुळीत श्लेष्मल द्रव्य, टॅनिने, फ्लॅव्होनॉइडे, मॅलिक अम्ल आणि त्याचे कॅल्शियम लवण. श्लेष्मल द्रव्याचा पातळ थर त्वचेवर बसून ओल धरतो, टॅनिनांमुळे त्वचा किंचित आवळते. अम्लाचे प्रमाण दिवसभरात बदलते, आणि वापरणाऱ्यांचे तिकडे सहसा लक्ष नसते. या कुळातील झाडे पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा रंध्रे मिटून तोच साठा खर्च करतात. त्यामुळे पहाटेचे पान आंबट, दुपारनंतरचे सपक लागते. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी हा फरक भारतात पानफुटीचे पान चाखून टिपला होता. ते टिपण १८१५ मध्ये छापले गेले. तात्पर्य सोपे : नाजूक त्वचेसाठी पाने दुपारी चारनंतर तोडावीत; सकाळच्या रसाने चुरचुरू शकते.

ताजा वापर. बाहेरची जून पाने घ्यावीत, आतला कोंब दुखवू नये. धुऊन, पुसून, कडेचे केस कात्रीने काढून पान उभे चिरावे आणि ओली बाजू कीटकदंशावर किंवा उन्हाने तापलेल्या त्वचेवर ठेवावी. भाजले असेल तर आधी २० मिनिटे वाहते थंड पाणी, रस त्यानंतर. फोड फुटला असल्यास लावूच नये. कुरुपावर चिरलेले पान रात्रभर बांधतात आणि आठवडाभरात मऊ झालेली कातडी खरवडतात. मधुमेह्यांनी पायावर हा प्रयोग करू नये. पहिल्या वापराआधी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून २४ तास पाहावे.

जेल. १०० ग्रॅमसाठी उकळून गार केलेले पाणी ७३.५ ग्रॅम, गाळलेला रस २०, ग्लिसरीन ५, झँथन गम (घट्टपणासाठी) १ आणि सोडियम बेंझोएट (टिकण्यासाठी) ०.५ ग्रॅम. बेंझोएट पाण्यात विरघळवावे. गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात ढवळावा. कोरडा टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. रस सर्वांत शेवटी. बेंझोएट आम्लधर्मी मिश्रणातच काम करते, म्हणून पीएच पट्टीवर ४.५ च्या आसपास आणावे. त्यासाठी सायट्रिक अम्ल पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने घालावे, नाहीतर बेंझोइक अम्लाचे पांढरे कण खाली बसतात. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. जेल पातळ झाले किंवा वास बदलला की फेकून द्यावे. नुसता रस दोन दिवसांपलीकडे ठेवू नये. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेला बरा.

मलम. पाने तेलात कढवून केलेले मलम लोकप्रिय आहे, पण रसातली बहुतेक कामाची द्रव्ये पाण्यात विरघळणारी असल्याने तेलात फारशी उतरतच नाहीत. मलमाचा गुण मुख्यतः तेल-मेणाचा. तरीही करायचे तर पाने दोन दिवस सावलीत सुकवावीत आणि बुडबुडे थांबेपर्यंत तेलात मंद आचेवर ठेवावीत. ओल राहिली तर मलम बिघडते. खोबरेल २४-२५ अंशांना वितळते, त्यामुळे गोव्यात वर्षाचा बराच काळ ते पातळच असते. १०० ग्रॅम तेलाला २० ग्रॅम मधमाशीचे मेण घातल्याशिवाय मलम धरत नाही.

गोव्यात. युरोपात हे झाड छपरावर वाढते म्हणून इथल्या मंगळुरी कौलांवर लावले तर पहिल्याच मृगात कुजेल. सुमारे ३,००० मिमी. पाऊस आणि उबदार रात्री या दोन्ही गोष्टी त्याच्या स्वभावाच्या उलट. ऑक्टोबर ते मे हाच त्याचा हंगाम धरावा. १०-१२ सेंमी. खोल मातीची कुंडी घ्यावी; तीन भाग चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) चाळून धुतलेले बारीक खडे, दोन भाग जाड नदीची वाळू, एक भाग जुने पानखत. खड्यांची लाल भुकटी राहिली तर ती चिकट होऊन निचरा बंद करते. समुद्राची वाळू खारट, ती नको. सकाळचे तीन-चार तास ऊन, दुपारी सावली, आठ-दहा दिवसांनी पाणी. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी सुरू झाली की कुंडी पागोळीपासून दूर, वारा लागेल अशा जागी आत घ्यावी आणि पाणी जवळपास थांबवावे. खालची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन सुटू लागली म्हणजे कुज लागली. निरोगी पिल्ले कापून दोन-तीन दिवस सुकवावीत आणि नव्या मिश्रणात लावावीत. थंडी नसल्याने गुच्छ सैल आणि फिकट राहतो, फूलही क्वचितच येते.

ओळखीतील चुका. गुलाबासारखा प्रत्येक गुच्छ म्हणजे हाउसलीक नव्हे. एचेवेरियाच्या (याच कुळातील शोभेच्या झाडाच्या) पानांची कड बहुधा गुळगुळीत असते, अंगावर मेणासारखा पांढुरका लेप असतो आणि फुले घंटेसारखी, बाजूच्या दांड्यावर येतात. हाउसलीकचे फूल ताऱ्यासारखे आणि दांडा गुच्छाच्या मध्यातून निघतो. पान तोडल्यावर दुधासारखा चीक आला तर ती शेराच्या (युफोर्बिया) जातीची वनस्पती. तो चीक त्वचेला जाळतो आणि डोळ्याला घातक ठरतो.

इथला पर्याय. त्वचेपुरते पाहिल्यास गोमंतकात पावसाला न घाबरणारी पानफुटी आणि कोरफड अधिक सोयीची. पानफुटीचा रस बाहेरूनच लावावा. तिच्यात हृदयावर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड द्रव्ये असतात, म्हणून कुंपणाला लावताना गुरांचे तोंड पोचणार नाही अशी जागा पाहावी.