वाचक परीक्षेत हरवला

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वाचे शास्त्र मांडले, तेव्हा श्रोता त्याच्या नजरेसमोर होता. माणसाला राग कशाने येतो, भीती कशाची वाटते, तरुण आणि वृद्ध यांच्या स्वभावात फरक काय, याचा त्यात बारकाईने विचार आहे. पुढे युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतके विद्यार्थी वादविवाद करत आणि तोंडी परीक्षा देत शिकले. ऐकणारा चुळबुळ करू लागला की बोलणाऱ्याला तिथल्या तिथे कळायचे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लेखी परीक्षा आल्या आणि हे बदलले. हार्वर्डमध्ये १८०६ साली वक्तृत्वाचे प्राध्यापकपद जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याकडे होते. पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आणला आणि १८८५ च्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाचा सक्तीचा वर्ग सुरू केला. इतर विद्यापीठांनी तोच कित्ता गिरवला. शिक्षकांपुढे निबंधांचे ढीग साचले. ढीग उपसायचा तर मोजता येईल असेच काही हवे, म्हणून शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांवर बोट ठेवले जाऊ लागले. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. एवढे कागद हातात घेऊन कोणीही तेच केले असते. पण लिहिणाऱ्याला एकच वाचक उरला: उत्तर आधीच ठाऊक असलेला, आणि कंटाळला तरी शेवटपर्यंत वाचणे भाग असलेला.

हे किती खोल गेले होते ते १९७५ मध्ये आकड्यांत दिसले. लंडनमध्ये शिक्षणाचे अभ्यासक जेम्स ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी ११ ते १८ वयाच्या मुलांचे सुमारे दोन हजार लेखनाचे नमुने तपासले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे ‘परीक्षक म्हणून शिक्षक’ या एकाच वाचकासाठी लिहिलेले होते. हीच सवय घेऊन मुले विद्यापीठात येतात. मग ‘प्रस्तुत प्रकरणात विविध घटकांचा आढावा घेण्यात आलेला असून त्यावर चर्चा करण्यात आलेली आहे’ असे वाक्य उमटते. चूक एकही नाही, पण हाती काही लागत नाही. ‘पावसाचे पाणी कुठे मुरते आणि कुठे वाहून जाते, ते या प्रकरणात पाहू’ म्हटले की वाचणारा पुढे सरकतो.

या घोटाळ्याची मला सर्वांत पटलेली उकल लेखनाच्या अमेरिकी अभ्यासक लिंडा फ्लॉवर यांची आहे. १९७९ मध्ये त्यांनी लेखककेंद्री आणि वाचककेंद्री लेखन असा भेद मांडला. विद्यार्थी आधी काय वाचले, मग काय तपासले, कुठे अडलो आणि शेवटी काय सापडले, या क्रमाने अहवाल लिहितो, कारण त्याच्या डोक्यात ते त्याच क्रमाने घडलेले असते. वाचकाला मात्र शेवटच्या पानावरची गोष्ट पहिल्या पानावर हवी असते. फ्लॉवर यांनी पहिल्या प्रकाराला आळस मानले नाही. विचार सुटा होईपर्यंत तसे लिहावेच लागते. फक्त तो मसुदा तसाच पुढे सरकवायचा नसतो. त्याआधी दोन वर्षे, न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठात हजारो प्रवेशनिबंध वाचलेल्या मीना शॉनेसी यांनी दाखवून दिले होते की नवख्यांच्या चुकांमागेही तर्क असतो. तो शोधणे हे शिक्षकाचे काम. तपासण्यापेक्षा हे कष्टाचे आहे, पण शिकवणे म्हणतात ते हेच.

वर्गात वाचक परत आणण्याची सर्वांत साधी रीत १९७३ मध्ये अमेरिकेतले लेखनाचे शिक्षक पीटर एल्बो यांनी पुढे केली होती. सात ते बारा जणांनी एकत्र बसायचे, एकाने आपले लिखाण मोठ्याने वाचायचे. बाकीच्यांनी चांगले-वाईट ठरवायचे नाही, ऐकताना मनात काय झाले तेवढेच सांगायचे: इथे माझे लक्ष उडाले, इथे वाटले की तू काहीतरी लपवतोयस, हे वाक्य मला पुन्हा ऐकव. वाचणारा तेव्हा हातातल्या कागदावर त्या जागी पेन्सिलने खूण करतो.